रजिस्टर लग्न नेमकं कुठे लावता येतं? हॉल ठरवण्याआधी हे वाचा

माझ्या मामेबहिणीने लग्नासाठी रायगडमधल्या कर्जतजवळचं एक फार्महाऊस ठरवलं होतं. आंब्याची झाडं, मागे ओढा, साठ-सत्तर माणसं सहज बसतील एवढं अंगण. भटजी नको, मानपान नको, विवाह अधिकाऱ्यांसमोर सह्या आणि मग सगळ्यांनी मिळून जेवण, एवढंच दोघांना हवं होतं. आगाऊ रक्कम दिली, पत्रिका छापून आल्या आणि लग्नाला पाच आठवडे उरले असताना दोघं पुण्यात विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, लग्न करणार असल्याची नोटीस द्यायला गेले. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळत विचारलं, "लग्न ऑफिसात की बाहेर?" ही म्हणाली, "बाहेर. कर्जतला." बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो ताई, कर्जत रायगड जिल्ह्यात. आमच्या साहेबांना तिथे लग्न लावता येत नाही."

आगाऊ दिलेले पैसे गेले. पत्रिका पुन्हा छापल्या. त्या दोन आठवड्यांत मामीला झोप नव्हती, आणि हे सगळं कशामुळे, तर कायद्यातलं एक कलम कोणी आधी वाचलं नव्हतं. तेव्हापासून नात्यात किंवा मित्रमंडळींत कोणी रजिस्टर लग्नाचं नाव काढलं की मी पहिल्यांदा एकच सांगतो: आधी अधिकारी ठरवा, मग हॉल. पुढचं सगळं त्या एका वाक्याभोवतीच आहे.

पायरी १: लग्न लावायचंय, की लागलेल्या लग्नाची नोंद करायचीय?

बोलताना आपण दोन्हीला "रजिस्टर मॅरेज" म्हणतो आणि घोळ इथेच सुरू होतो.

लग्न आधीच झालं असेल, म्हणजे हॉलमध्ये, देवळात, विहारात किंवा घरच्या अंगणात रीतीप्रमाणे लागलं असेल, तर तुम्हाला फक्त त्याची नोंद करायची आहे. महाराष्ट्रात ती १९९८ च्या विवाह मंडळे व विवाह नोंदणी कायद्याखाली होते. शहरात महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं विवाह निबंधक कार्यालय, गावात ग्रामपंचायत. नमुना 'ड' भरायचा, साक्षीदार न्यायचे. इथे जागेचा प्रश्न जवळजवळ येत नाही. हिंदू विवाह कायद्यात लग्न अमुक ठिकाणीच लागलं पाहिजे असं बंधन नाही; शेतात लावा, नदीकाठी लावा.

पण त्या कायद्याखाली विधी मात्र खरोखर झालेले असावे लागतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखाली विधीच झाले नसतील, तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने लग्न होत नाही. "सध्या व्हिसासाठी नोंदणी करून घेऊ, विधी पुढच्या वर्षी" असं जी जोडपी करतात, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

दुसरा मार्ग म्हणजे अधिकाऱ्यांसमोरच लग्न लावणं. हा १९५४ चा विशेष विवाह कायदा. जात-धर्म कोणताही असो, दोघांचा एक असो वा वेगळा, हा कायदा सगळ्यांना खुला आहे आणि त्यासाठी धर्म बदलावा लागत नाही. मुलाचं वय २१ पूर्ण, मुलीचं १८ पूर्ण, दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा (घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची प्रत लागते), संमती देण्याइतकी मनाची स्थिती हवी आणि निषिद्ध नातं (म्हणजे ज्यात लग्नाला कायद्याने मनाई आहे असं जवळचं नातं) नको. या लेखातलं जागेचं सगळं बोलणं या कायद्याबद्दल आहे.

याला लोक "कोर्ट मॅरेज" म्हणतात, पण कोर्टाचा इथे संबंध नाही. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्यांकडे असतं. कार्यालयाच्या फाटकापाशी "अर्ध्या तासात लग्न" सांगणारे एजंट भेटतील. नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर "आम्ही पती-पत्नी आहोत" असं लिहून घेणं म्हणजे लग्न नव्हे. या कायद्यात अर्ध्या तासात काहीच होत नाही. का, ते तिसऱ्या पायरीत येईल.

पायरी २: आपला जिल्हा कोणता, ते नकाशावर बघा

नोटीस कुठेही देता येत नाही. दोघांपैकी निदान एकजण, नोटीस देण्याच्या तारखेच्या लगेच आधीचे किमान ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहत आहे, त्याच जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्यांकडे ती द्यायची. लग्न लावणार तेच अधिकारी, आणि त्यांचा अधिकार त्यांच्या हद्दीपुरता. म्हणजे "कुठे लग्न लावायचं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर "आपण कुठे राहतो" यातच ठरून जातं.

सर्वात जास्त गफलत मुंबईच्या आसपास होते, म्हणून इथे जरा सावकाश जातो. आपण सगळ्याला मुंबई म्हणतो, पण सरकारदरबारी मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत. दादर, माटुंगा, माहीम, शीव शहरात. खाडी ओलांडून वांद्रे लागलं, किंवा तिकडे कुर्ला लागलं, की उपनगर. नवी मुंबईची गंमत तर आणखी निराळी: वाशी, नेरूळ ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, पनवेल रायगडमध्ये. वसई-विरार पूर्वी ठाण्यात होतं, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाल्यापासून तिकडे गेलं. म्हणजे मुलगी नेरूळची, मुलगा दादरचा आणि हॉल पनवेलचा असेल, तर नोटीस ठाण्यात किंवा मुंबई शहरात देता येईल आणि हॉल मात्र तिसऱ्याच जिल्ह्यात पडेल.

पुण्याकडे त्या मानाने सोपं. पिंपरी-चिंचवड, लोणावळा, मुळशी सगळं पुणे जिल्ह्यातच. पण महाबळेश्वर-पाचगणी साताऱ्यात, आणि कर्जतचं तर सांगितलंच.

मग अलिबागला किंवा महाबळेश्वरलाच लग्न लावायची इच्छा असेल तर? सरळ मार्ग दोन. दोघांपैकी एकाने खरोखर तिथे जाऊन महिनाभर राहायचं, तसा राहण्याचा पुरावा गोळा करायचा आणि तिथल्या अधिकाऱ्यांकडे नोटीस द्यायची. कोणाचं मूळ गाव तिकडे असेल, घरून काम करण्याची सोय असेल, तर हे जमतं. नाहीतर आपल्या जिल्ह्यातल्या कार्यालयात आठवड्याच्या एखाद्या दिवशी कायदेशीर लग्न लावून घ्यायचं आणि शनिवारी अलिबागला सोहळा करायचा. मी बहुतेकांना दुसराच मार्ग सुचवतो. खोटा भाडेकरार करून पत्ता दाखवण्याचा तिसरा मार्ग कोणी सुचवलाच तर तिथून उठा. लग्नाच्या पहिल्याच कागदावर खोटी माहिती द्यायची आणि आयुष्यभर त्याची धास्ती बाळगायची, यात काय अर्थ आहे?

पायरी ३: नोटीस द्या आणि कॅलेंडरवर दोन रेघा मारा

नोटीस ठरलेल्या नमुन्यात, दोघांच्या सहीने. महाराष्ट्रात ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही भरता येते. जन्मतारखेचा पुरावा, राहण्याचा पुरावा, फोटो. आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला. दोघांपैकी एकजण परदेशी नागरिक असेल, तर पारपत्र, व्हिसा आणि अविवाहित असल्याबद्दलचा त्याच्या दूतावासाचा कागद. हा शेवटचा कागद मिळायला वेळ लागतो, तेव्हा त्याच्या मागे सगळ्यात आधी लागा.

नोटीस दिली की ती विवाह नोटीस वहीत नोंदली जाते आणि तिची प्रत कार्यालयात दर्शनी जागी लावली जाते. दोघांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर तिथल्या विवाह अधिकाऱ्यांकडेही एक प्रत जाते आणि तिथेही लागते. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस हरकतीसाठी ठेवलेले आहेत. ते संपल्याशिवाय लग्न लावता येत नाही. ही कॅलेंडरवरची पहिली रेघ.

दुसरी रेघ लोक विसरतात. नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन कॅलेंडर महिन्यांत लग्न लागलं नाही, तर नोटीस रद्द समजली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. समजा, २ जानेवारीला नोटीस दिली आणि त्याच दिवशी ती फलकावर लागली, तर फेब्रुवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ तुमच्या हातात आहे. जेमतेम दोन महिने. हॉलची तारीख या दोन रेघांच्या मधलीच हवी. मे महिन्यातला हॉल आधी घेऊन डिसेंबरात उत्साहाने नोटीस देणारी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांना सगळं दुसऱ्यांदा करावं लागलं. आणि काठावरची तारीख धरू नका. नोटीस प्रत्यक्ष कोणत्या दिवशी लागली हे विचारून घ्या, पुढे चार दिवस मोकळे ठेवा.

हरकतीबद्दल थोडं, कारण भीती त्याचीच असते. हरकत कोणीही घेऊ शकतं, पण ती फक्त वर सांगितलेल्या अटींवर: वय, आधीचा जोडीदार, संमती, निषिद्ध नातं. "आम्हाला पसंत नाही", "आपल्या जातीचा नाही", "धर्म वेगळा आहे" ही हरकत होत नाही. हरकत आली तर अधिकाऱ्यांनी ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि ती उचलून धरली तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. विनाकारण, वाईट हेतूने हरकत घेणाऱ्याला खर्च म्हणून १००० रुपयांपर्यंत भरायला लावण्याची तरतूदही आहे.

ही जाहीर नोटीस अनेक जोडप्यांच्या जिवावर बेतू शकते, हे मला मनापासून खटकतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडावं असा निकाल दिला होता, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला. आपल्याकडे नोटीस लागणार असं धरूनच चाला. घरून धोका असेल, तर बाहेरच्या हॉलचा विचार सोडा आणि कार्यालयातच लग्न लावा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश दिलेले आहेत. नोटीस देण्याच्या आधीच पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच जवळ ठेवा.

पायरी ४: कार्यालयात की बाहेर?

आता मुख्य मुद्दा. विशेष विवाह कायद्याचं १२ वं कलम सांगतं की लग्न विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लावता येतं, किंवा तिथून वाजवी अंतरावर असलेल्या, दोघांना हव्या त्या दुसऱ्या ठिकाणी; त्यासाठी ठरवलेल्या अटी पाळायच्या आणि जादा शुल्क भरायचं.

पुष्कळांना हे माहीतच नसतं. त्यांना वाटतं रजिस्टर लग्न म्हणजे ट्यूबलाइटखालच्या बाकावर बसून नंबर यायची वाट पाहणं. तसं नाही. घराची बैठकीची खोली, सोसायटीचा हॉल, आजोबांच्या वाड्याचा चौक, वाचनालयाचं सभागृह, शेतावरचा मांडव, काहीही चालतं. कायद्याने जागेची यादी दिलेली नाही, मंजूर ठिकाणांचा परवाना नाही, छप्पर हवंच अशी अट नाही. आजी अंथरुणावर असेल तर तिच्या खोलीत लग्न लावता येतं. इतकी मोकळीक देणारं हे कलम मला या कायद्यातलं सगळ्यात प्रेमळ कलम वाटतं.

"वाजवी अंतर" म्हणजे किती किलोमीटर, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. व्यवहारात अधिकाऱ्यांना कामाच्या दिवशी जाऊन परत येता येईल इतकं, असं धरा. कार्यालय शहराच्या मध्यभागी आणि हॉल जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घाटापलीकडे, असेल तर जिल्हा एक असूनही नकार मिळू शकतो. म्हणून नोटीस द्यायला जाल त्याच दिवशी, हॉलला एक रुपयाही देण्याआधी, अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष भेटा आणि जागेचा पूर्ण पत्ता सांगून विचारा. मग लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, पत्ता, जवळची खूण, दोन फोन नंबर. जादा शुल्क भरा आणि पावती घ्या. शुल्काचा तक्ता कार्यालयात लावलेला असतो. त्यापलीकडे कोणी काही मागितलं तर पावती मागा. पावती नसलेला पैसा देऊ नका.

तीन गोष्टी याच भेटीत बोलून घ्या. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी साहेब येऊ शकतील का. वेळ किती वाजताची. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा असला तरी अधिकाऱ्यांना त्याच दिवशी दुसरं लग्नही असू शकतं, तेव्हा मागेपुढे तासाभराची सवड ठेवा. आणि ऐन वेळी त्यांना येता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी कार्यालयात लग्न लागेल का. लग्नसराईत हे घडतं. त्याचा राग धरू नये, पण तयारी असावी.

कार्यालयातच लावायचं ठरवलंत तर त्यातही कमीपणा काही नाही. खर्च कमी, गडबड कमी. किती माणसं आत घेतील ते विचारा. खोल्या लहान असतात आणि तुमच्यासारखी आणखी चार जोडपी हार घेऊन थांबलेली असतात. मला तो व्हरांडा आवडतो. एकमेकांना न ओळखणारी कुटुंबं एकमेकांच्या पेढ्यांचे बॉक्स पुढे करतात.

मध्येच थोडं: गोवा आणि परदेश

"गोव्याला बीचवर लग्न करू" हे हल्ली फार ऐकू येतं. बीचवर सोहळा होईल, कायदेशीर लग्न तिथे लागलं असं गृहीत धरू नका. गोव्यात विशेष विवाह कायदा चालत नाही. तिथे पोर्तुगीज काळापासून, १९१० च्या विवाहविषयक कायद्यापासून चालत आलेली सिव्हिल नोंदणीची पद्धत आहे. आधी सिव्हिल रजिस्ट्रारसमोर लग्नाचा इरादा जाहीर करून पहिली सही, मग मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन दुसरी, पक्की सही. पहिल्या सहीलाच लग्न समजून थांबणाऱ्यांची पुढे फार ओढाताण होते. कॅथलिक जोडप्यांना रजिस्ट्रारचा कागद घेऊन चर्चमध्ये लग्न लावता येतं. दोघंही महाराष्ट्रातले असाल, तर लग्न आपल्या जिल्ह्यात लावा आणि वाळूवर नाचायला गोव्याला जा.

परदेशात असलेल्या भारतीय नागरिकांना १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली भारतीय वकिलातीतल्या विवाह अधिकाऱ्यांसमोर लग्न लावता येतं. तिथे जागेची मोकळीक नाही: अधिकाऱ्यांच्या अधिकृत जागेत, ठरलेल्या वेळेत, दारं उघडी ठेवून, तीन साक्षीदारांसमोर. "दारं उघडी ठेवून" हे शब्द कायद्यातच आहेत.

इंग्लंड-वेल्समध्ये तिथल्या कायद्याने लग्न लावणाऱ्या मराठी जोडप्यांना उलटाच अनुभव येतो. तिथे सिव्हिल लग्न रजिस्टर ऑफिसात किंवा परवाना असलेल्या मंजूर ठिकाणीच लागतं; अशा ठिकाणांची सोय १९९४ च्या कायद्याने झाली आणि १९९५ पासून हॉटेलं, जुने वाडे यात आले. मंजूर ठिकाणाच्या आवारात उघड्यावर लग्न लावायची मुभा जुलै २०२१ पासूनची. घरच्या बागेत लावलं तर कायद्याने ते लग्न धरत नाहीत. शिवाय सिव्हिल विधीत धार्मिक काहीही चालत नाही, म्हणजे त्या वेळेपुरती मंगलाष्टकंसुद्धा नाहीत. ती वेगळी, आधी किंवा नंतर. आपल्याकडे अशी बंदी नाही, ते पुढच्या पायरीत.

पायरी ५: लग्नाचा दिवस

कर्जत हुकल्यावर मामेबहिणीचं लग्न शेवटी कोथरूडला, तिच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागलं. गाड्या बाहेर काढल्या, फरशी धुतली, खांबांना झेंडूच्या माळा गुंडाळल्या. साहेब सकाळी अकराला येणार होते, अकराला पाच मिनिटं असताना आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड वही. त्यांनी पहिला प्रश्न केला, "साक्षीदार तिघं कुठे आहेत?"

दोघं होते. तिसरा, नवऱ्या मुलाचा मित्र, साताऱ्याहून येताना खंबाटकी घाटात अडकला होता. शंभर माणसं समोर बसलेली, त्यातला कोणीही साक्षीदार होऊ शकला असता, पण ओळखपत्र खिशात असलेला आणि सही करायला तयार असा माणूस हुडकायला दहा मिनिटं गेली. शेवटी तळमजल्यावरचे काका घरात जाऊन आधारकार्ड घेऊन आले. त्यांच्या बोटांना तोवर श्रीखंड लागलेलं होतं. मामीने ओल्या रुमालाने त्यांचा हात पुसला आणि मग त्यांनी पेन धरलं. तेव्हा साक्षीदार तीन नको, पाच सांगून ठेवा, आणि प्रत्येकाला मूळ ओळखपत्र आणायला लावा.

आधी दोघांनी आणि तिन्ही साक्षीदारांनी जाहीरनाम्यावर सही करायची असते. त्यात तुम्ही लिहून देता की मी सध्या अविवाहित आहे (किंवा विधुर, विधवा, घटस्फोटित), माझं वय इतकं, आमचं नातं निषिद्ध नाही. हा कागद सही करण्याआधी वाचा, कारण विधींचा क्रम यावर ठरतो. दोघं हिंदू असून सकाळी सप्तपदीसकट सगळं लग्न लावलं आणि दुपारी अधिकाऱ्यांना बोलावलं, तर "मी अविवाहित आहे" यावर सही कशी करणार? वैदिक विधी पूर्ण करायचेच असतील, तर अधिकाऱ्यांसमोरचं लग्न आधी आटपा. किंवा सरळ पहिल्या पायरीतला रस्ता धरा: रीतीने लग्न लावा आणि नमुना 'ड' भरून नोंद करा.

लग्न कोणत्या पद्धतीने लावायचं, हे कायदा तुमच्यावर सोडतो. अंतरपाट धरा, अक्षता टाका, सत्यशोधक पद्धतीने शपथा घ्या, संविधानाची प्रास्ताविका वाचा, नुसते हार घाला किंवा काहीच करू नका. एक गोष्ट मात्र टाळता येत नाही. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना म्हणायचं: "मी अमुक, तुला तमुक, माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो", आणि तिने तसंच "माझा कायदेशीर पती म्हणून". हे वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. भाषा दोघांना समजणारी कुठलीही. मराठीत म्हणा, कोकणीत म्हणा, अहिराणीत म्हणा.

कोथरूडला त्या वेळी स्पीकर लावलेला होता. साहेब म्हणाले, "स्पीकर बंद करा. हे एकमेकांना सांगायचंय, हॉलला नाही." ती म्हणताना तिचा आवाज कापत होता आणि मागच्या रांगेपर्यंत तो पोचलाही नाही. मामी पुढच्या खुर्चीत होती, तिने ऐकलं.

पायरी ६: दाखला हातात घेण्याआधी

वाक्य झालं की अधिकारी विवाह दाखला पुस्तकात नोंद करतात आणि त्यावर दोघांच्या व तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात. हा दाखला लग्नाचा निर्णायक पुरावा मानला जातो. दोघांचे धर्म वेगळे असतील तर पुढे वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. दोघं हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असाल तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे तुमचा नेहमीचाच कायदा चालू राहतो. आंतरधर्मीय जोडप्यांनी वडिलोपार्जित मिळकतीबद्दल वकिलाला आधीच विचारून घ्यावं, विशेषतः घरची जमीन एकत्र असेल तर.

सही करण्याआधी प्रत्येक अक्षर तपासा. दोघांची नावं, वडिलांची नावं, जन्मतारखा, पत्ता. पारपत्रावर "कुळकर्णी" आणि दाखल्यावर "कुलकर्णी" झालं, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की दुरुस्तीसाठी खेपा घालाव्या लागतात, आणि वही कार्यालयात परत गेल्यावर ते जास्त किचकट होतं. चष्मा लागणाऱ्या मोठ्या माणसाऐवजी घरातल्या एखाद्या काटेकोर भाचीला तपासायला बसवा, आणि तिच्या हातात दोघांची पारपत्रं द्या. तिने मान डोलावली की सह्या करा. नंतर प्रमाणित प्रती एकदमच चार-पाच मागून घ्या. बँकेला, पारपत्राला, विम्याला आणि घराच्या कर्जाला त्या लागतातच.